मफलरात अडकलेला नी

आमच्या चर्चमधला पाइपांचा ऑर्गन हाच आत्याचा नवरा, असं आई म्हणायची. अर्थात आत्या समोर नसताना. जुना, बोजड, अर्धा मुका आणि कुणीतरी हवा भरल्याशिवाय जागचा न हलणारा. हे बोलताना आई बाबांकडे का बघायची ते मला मोठेपणी कळलं.

आत्याने लग्न केलं नाही. सोमवार ते शनिवार ती एका दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांना "थांबा" म्हणायची आणि रविवारी ऑर्गनवर बसून त्याच लोकांना गायला लावायची. दोन्ही कामांत चेहरा तोच. ऑर्गनच्या पायपट्ट्यांसाठी तिने पातळ तळव्यांचे बूट वेगळे ठेवले होते. चर्चमध्ये येऊन ती ते घालायची आणि निघताना काढून फडक्यात गुंडाळून घरी न्यायची. त्या बुटांनी तिने रस्त्यावर कधी पाऊल टाकलं नाही. मी तिच्या शेजारी बसून गीतांच्या पुस्तकाची पानं उलटायची. तिने त्या पानांकडे कधी ढुंकूनही बघितलं नाही, पण उलटायला जरा उशीर झाला की माझ्या बरगडीत तिचं कोपर बसायचं.

तिला वाजवायला शिकवलं आजोबांनी. त्यांना तिन्ही मुलं अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच म्हणते. अण्णा चर्चचे रखवालदार. विजेवर हवा भरणारं यंत्र बसायच्या आधी ऑर्गनचा भाता हाताने ओढायचं कामही त्यांच्याकडेच होतं. वाजवण्यातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. भाता ओढता ओढता ते गायचे आणि वर बसलेली आत्या चाचपत चाचपत तो आवाज ऑर्गनमध्ये शोधायची. त्यामुळे तिला सगळी गीतं एकाच पट्टीत येतात, अण्णांच्या गळ्याला सोसणाऱ्या. दुसऱ्या पट्टीत वाजव म्हटलं की ती म्हणणार, "का? हिला काय धाड भरलीये?"

ऑर्गनमध्ये पाइपांच्या तीन ओळी होत्या. त्यांतल्या दोन कसर आणि उंदीर यांनी आपसांत वाटून घेतल्या होत्या. उरलेल्या एका ओळीवर आमची उपासना चालायची. त्या ओळीतला मधला नी मुका होता. दाबलं तरी आवाज नाही. फक्त एक बारीक फुसफूस यायची, आणि ती दाबा न दाबा चालूच असायची. मंडळी, म्हणजे दर रविवारी चर्चमध्ये जमणारे आम्ही सगळे, तिला ऑर्गनचा श्वास म्हणायचो. नी मुका का, असं कुणी विचारलं तर आत्या सांगायची, "म्हातारा झालाय." मग पुढे कुणी विचारायचं नाही, कारण विचारणारेही म्हातारेच असत.

नी नाही म्हणून गाणं थांबत नाही. जिथे नी यायचा तिथे आत्याने खालचा ध ठेवून दिला आणि वाजवत राहिली. आमच्याकडे उपासना संपताना आणि कुणाला माती देतानाही एकच गीत गातात. त्याच्या प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ अशी: "सरली वाट, मावळला दिवस, आता घरी ने." मूळ चालीत "घरी" या शब्दावर आवाज वर चढतो, नीवर टेकतो आणि मग "ने"वर सा लागतो. आमची मंडळी "घरी"वर खाली उतरायची, विहिरीत डोकावल्यासारखी, आणि मग सावर उडी मारायची. ज्यांना खरी चाल माहीत होती त्यांना एकेक करून आम्ही याच गीतावर घरी पोचवलं. उरलेल्यांना आमचीच चाल खरी वाटत होती. मला तर दुसरी असते हेच ठाऊक नव्हतं.

आता मफलरबद्दल, कारण आमच्या घरात कुठूनही बोलायला लागलं तरी शेवटी गाडी तिथेच येते. अण्णांच्या गळ्यात बारा महिने एक हिरवा लोकरी मफलर असायचा, आजीने विणलेला. अण्णा गेले आणि त्यांना माती दिली त्याच दिवशी तो घरातून नाहीसा झाला. आदल्या रात्री अण्णांच्या खोलीत काका झोपला होता. बाबा काकाला म्हणाले, "मागितला असतास तर दिला असता की." काका बाबांपेक्षा धाकटा आणि रागाने थोरला. "चोराच्या शेजारी बसून प्रार्थना कशी करशील, दादा?" असं विचारून तो जो उठला तो उठलाच. दोन गल्ल्या सोडून त्याचं चष्म्याचं दुकान. पण त्याने आमच्या घराची पायरी सोडली आणि बाबा पहिल्या बाकावर बसतात म्हणून चर्चचीही. मी लहानाची मोठी झाले ती काकाला काचेपलीकडे बघत. आत्या मात्र दर आठवड्याला चष्मा पुसून घ्यायच्या निमित्ताने त्याच्याकडे जायची. चष्मा तिला होता तो फक्त वाचायचा, आणि ती काही वाचत नसे.

हे असं छान चाललं होतं. मग चर्चच्या कमिटीवर नवे अध्यक्ष आले. त्यांचा धंदा फरशीचा, म्हणून सगळे त्यांना फरशीवाले म्हणत. त्यांना नवीन गोष्टींची आवड आणि त्यांच्या जावयाला विजेवरचे ऑर्गन विकायची. "खटका दाबला की सगळी गीतं आपोआप," फरशीवाले म्हणाले. "वाजवायला माणूसच नको." हे त्यांनी आत्याच्या तोंडावर सांगितलं, तिला आनंद होईल अशा बेताने.

घरी आल्यावर आत्याने ते पातळ बूट फडक्यातून काढून पॉलिश केले, मग पुन्हा केले. त्या बाकावरून उठवलं तर ती कुठे बसणार होती? दवाखान्याची खिडकी निवृत्तीमुळे सुटणारच होती. माणसाला आयुष्यात एक बसायची जागा लागते, आणि तिची ती होती.

पण कमिटीत दोघंतिघं शंकेखोर निघाले. जावयाचं नाव निघालं की लोकांना एकदम नियम आठवतात. आधी जाणकाराकडून पाहणी करून घ्या, ऑर्गन मेला असेल तर पुरू, असं ठरलं. फरशीवाल्यांनी आनंदाने मान डोलावली. ऑर्गन मेलाय याची त्यांना खात्री होती.

पाहणीला आले ते गृहस्थ सर्दीने बेजार होते. ऑर्गन दुरुस्त करणं हा त्यांचा पिढीजात धंदा, आणि धुळीचं त्यांना वावडं. देव एखाद्याची अशी थट्टा करतो. ते काही न बोलता लाकडाला हात लावून ऐकत बसायचे, म्हणून आम्ही त्यांना कानवाले म्हणू लागलो. त्यांनी भात्याचं चामडं चाचपलं, उंदराची घरटी बाहेर काढली, शिंकले, आणि आत्याला विचारलं, "हा नी कधीपासून बंद आहे?"

"बरेच दिवस झाले."

"मग दुसऱ्या पट्टीत का नाही वाजवत? चुकवता आला असता."

"मला एकच पट्टी येते," आत्या म्हणाली. कानवाल्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू ऑर्गनमध्ये आणखी एक घरटं सापडलं.

मग त्यांनी शिडी लावली, नीच्या पाइपाच्या तोंडात दोन बोटं घातली आणि ओढायला लागले. आधी धूळ आली. मग लोकर आली. मग हिरवा मफलर आला, हातभर, आणखी हातभर, आणि त्याबरोबर ऑर्गनने असा काही सूर लावला की पायऱ्यांवर झाडणारी बाई आत धावत आली. कानवाल्यांनी हवा बंद केली तेव्हा तो थांबला.

बाबा तिथेच होते, शिडी धरायला. त्यांनी मफलर ओळखला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पहिल्या बाकावर बसून ते इतकी वर्षं त्या मफलराकडे तोंड करून काकाला मनातल्या मनात क्षमा करत होते.

"तुला माहीत होतं?" त्यांनी आत्याला विचारलं.

"मीच घातला तर मला माहीत नसणार?"

मग सगळं बाहेर आलं. अण्णांच्या शवपेटीत ठेवायचा म्हणून आत्या मफलर पिशवीतून घेऊन आली होती. शेवटचं गीत वाजवताना "घरी"वर बोट उचललं तरी नी थांबेना. आत झडप अडकली होती. पाळक प्रार्थना म्हणताहेत, पेटी उचलायला माणसं वाकलीत आणि नी ओरडतोय. आत्या मागे गेली आणि हाताला आला तो मफलर पाइपात कोंबला.

"मग घरी येऊन सांगायचं होतंस," बाबा म्हणाले.

"सांगणारच होते. तोवर तुम्ही दोघं भांडायला लागलात. म्हटलं, निवळलं की सांगू. निवळलं का? मग कधी सांगणार होते?"

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की संन्याशाची माफी कुणी मागायची, यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा झाली. शेवटी मफलर धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून बाबा काकाच्या दुकानात गेले. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. बाबा परत आले ते नवा चष्मा लावून, आणि तो त्यांना कशासाठी लागत होता ते कुणी विचारलं नाही.

मला वाटलं होतं आत्या सुटल्यासारखी होईल. पण तिचं मन दुसरीकडेच होतं. गीतांच्या पुस्तकावरची धूळ पुसता पुसता ती मला म्हणाली, "अण्णांचा शेवटचा सूर होता गं तो. त्यांनीच शिकवलेला. आणि मी त्याच्या घशात बोळा घातला. एकदा, एकदाच तो मंडळीसमोर नीट वाजवायचाय मला." इतकं लांबलचक ती कधी बोलत नाही, म्हणून मी पुसायचं थांबले.

कानवाल्यांनी निकाल दिला: ऑर्गन जिवंत आहे, झडपा आणि चामडं बदललं की आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. फरशीवाल्यांचा चेहरा पडला, पण ते हार मानणारे नव्हते. दुरुस्ती होऊ दे, ते म्हणाले, मग मंडळीने ऐकून हात वर करावेत. पसंत पडला तर ठेवू, नाहीतर जावई आहेच.

दुरुस्ती झाली. तिन्ही ओळी बोलायला लागल्या. पहिल्या रविवारी आत्या ताठ बसली, आणि शेवटचं गीत आलं. "सरली वाट, मावळला दिवस, आता..." आणि आत्याने नी दाबला. स्वच्छ, भरदार, अण्णांचा नी. त्याच क्षणी सगळी मंडळी सवयीने धवर उतरली. दोन सूर एकमेकांना असे धडकले की पहिल्या बाकावरच्या एका आजींनी कानावर हात ठेवले. पुढच्या कडव्याला पुन्हा तेच. लोक पाइपांकडे बघू लागले, आणि नजरेत दया होती.

"बिघडवला की हो चांगला ऑर्गन," बाहेर पायऱ्यांवर कुणीतरी म्हणालं. "आणि श्वासही बंद झालाय त्याचा," आजी म्हणाल्या.

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी ऐकून होते. अख्खं अंगण एकजुटीने नाचणाऱ्याला वाकडं म्हणतं हे पहिल्यांदा बघितलं. खरं सांगायचं तर मलाही तो नी टोचला होता. फरशीवाल्यांनी कानवाल्यांना बोलावून घेतलं. ते आले, स्वरकाटा वाजवला, ऐकलं, शिंकले.

"ऑर्गन बरोबर आहे. तुम्ही सगळे उतरताय."

"म्हणजे सगळी मंडळी चूक आणि एक पाइप बरोबर?"

"हो."

"मग बहुमत कुणाचं?" फरशीवाले म्हणाले. कानवाल्यांच्या घराण्यात हा प्रश्न पूर्वी कुणी विचारला नसावा. ते खिशात रुमाल शोधू लागले. पुढच्या रविवारी हात वर करायचे, असं ठरलं.

शनिवारी दुपारी आत्या मला घेऊन रिकाम्या चर्चमध्ये गेली. बूट बदलले, हवा सुरू केली आणि ते गीत वाजवलं, नीसकट, एकदा, आणि मग परत एकदा. मी पानं उलटली नाहीत आणि तिने ढोसलं नाही.

"कसं वाटलं?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पण..."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण घरी गेल्यासारखं वाटत नाही."

तिला त्याचं फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांनी जो सूर मोकळा झाला तो तिच्याच कानांना परका लागत होता. लोकांना दोष द्यायचीही सोय राहिली नव्हती, कारण त्यांचे कान तिनेच घडवले होते. तिने झाकण लावलं आणि म्हणाली, "उद्या जुनंच वाजवते. ऑर्गन राहील. नीचं काय, तो इतके दिवस थांबला, अजून थांबेल."

रविवारी चर्च भरलं होतं. हात वर करायला माणसं नेहमीच जास्त येतात. फरशीवाल्यांचा जावई नवीन कोट घालून आला होता. कानवाले शेवटच्या बाकावर रुमाल हातात धरून बसले होते. आणि उपासना सुरू झाल्यावर दार ढकलून काका आत आला, गळ्यात हिरवा मफलर. बाबा पहिल्या बाकावर जरा सरकले, पण काका मागेच बसला, कानवाल्यांच्या शेजारी.

शेवटचं गीत सुरू झालं. आत्याचं बोट धवर गेलं, मंडळी तिच्याबरोबर उतरली, आणि सगळ्यांचे खांदे सैल पडले. फक्त मागून एक आवाज वर चढला. जाडसर, थोडा फाटका, पण थेट नीवर. लोकांनी माना वळवल्या. काका डोळे मिटून गात होता. रुसून घरी बसलेला माणूस आमची चाल शिकणार कधी? त्याला अण्णांची तेवढी येत होती. आजींनी "शू" केलं, ते त्याला ऐकू गेलं नाही.

मी आत्याकडे बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात मात्र एकही चूक न करता चालले होते. शेवटचं कडवं आलं. "सरली वाट, मावळला दिवस, आता..." आणि तिने हात उचलले. ध नाही, नी नाही, काहीच नाही. एका शब्दापुरता ऑर्गन गप्प झाला. मंडळी आपल्या वाटेने खाली गेली, काका आपल्या वाटेने वर, आणि "ने"वर आत्याने सगळ्यांना परत एकत्र घेतलं. इतरांना काही कळलं नाही. कानवाल्यांना कळलं असावं. ते रुमाल हातात तसाच धरून शिंकायचे थांबले होते.

हात वर झाले, जवळजवळ सगळेच. जावयाने कोटाची बटणं काढली. पायऱ्यांवर दोघंतिघं कानवाल्यांना म्हणाले, "या वेळी बरोबर दुरुस्त केलात बघा." त्यांनी आधीच्या दुरुस्तीनंतर ऑर्गनला बोटही लावलेलं नव्हतं, तरी ते "आभारी आहे" म्हणाले. फरशीवाल्यांनी हार मोठेपणाने घेतली. "ऑर्गनचं झालं," ते आत्याला म्हणाले, "आता तेवढं तुमच्या भावाचंही बघा कुणाला तरी दाखवून."

आत्या पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली. तिथे काका मफलराचं टोक चाळवत उभा होता.

"ताई, माझं काही चुकलं का गं? सगळे वळून बघत होते."

"हो, चुकलं."

"आता वेगळंच गातात वाटतं. येतो दोनचार रविवार. शिकून घेईन."

"तू काही शिकू नकोस," आत्या म्हणाली. तिने मफलर ओढून त्याच्या गळ्याशी नीट केला. "तू अण्णांसारखा गातोस. पुढच्या रविवारी पुढे येऊन बस. माझ्याजवळ."

काका हो म्हणाला. मी तिचे रस्त्याचे बूट घेऊन मागे उभी होते, ते द्यावेत की नाही याचा विचार करत. ऑर्गनच्या पातळ बुटांनीच ती रस्त्यावर आली होती, आणि तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं.